स्प्रिंट दोन आठवड्यांचा, टेस्टिंग मात्र शेवटच्या दोन दिवसांत

चौकस

आमची कंपनी बाणेरमध्ये पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर तयार करते. ते मुख्यतः भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातील लहान आणि मध्यम कारखाने वापरतात. टीम फार मोठी नाही: सहा डेव्हलपर, दोन टेस्टर आणि एक प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचे हे ठरवणारा). पूर्वी दर तिमाहीला एक रिलीज होत असे आणि त्यातले शेवटचे तीन आठवडे टेस्टिंगसाठी राखून ठेवलेले असत. यंदा एप्रिलपासून आम्ही दोन आठवड्यांच्या स्प्रिंटवर आलो, म्हणजे दर दोन आठवड्यांत कामाचा एक छोटा भाग पूर्ण करून दाखवायचा. रोजचा स्टँडअप (छोटी बैठक), प्लॅनिंग, डेमो, रेट्रो (झालेल्या स्प्रिंटचा आढावा) हे सगळे नेमाने चालू आहे. तरीही टेस्टिंगची घडी काही केल्या बसत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यापर्यंत बोर्डावरच्या जवळजवळ सर्व स्टोऱ्या (स्प्रिंटमध्ये घेतलेली छोटी कामे) 'डेव्हलपमेंट चालू' या रकान्यात असतात. बुधवारी संध्याकाळी त्या एकदम 'टेस्टिंगसाठी तयार' या रकान्यात सरकतात आणि शुक्रवारी दुपारी डेमो असतो. मधल्या वेळेत दोन टेस्टरांनी सगळे तपासायचे, बग निघाला तर डेव्हलपरने तो दुरुस्त करायचा आणि टेस्टरने पुन्हा तपासायचा, हे गणित जुळणे शक्यच नसते. मग स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलली जाते, किंवा 'डेव्ह डन' (डेव्हलपरपुरते काम झाले) असे विशेषण लावून ती पूर्ण झाल्याचे धरले जाते. जुन्या सुविधा मोडल्या नाहीत ना, हे पाहण्यासाठीच्या शेकडो टेस्ट केस एक्सेलमध्ये आहेत. त्या एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होत नाहीत, म्हणून दर तिसरा स्प्रिंट 'हार्डनिंग'साठी, म्हणजे फक्त या तपासणीसाठी, ठेवायचा असे ठरले. थोडक्यात, पूर्वीचे तीन आठवडे वेगळ्या नावाने परत आले आहेत.

व्यवस्थापनाचे म्हणणे असे की दिवाळीपर्यंत सर्व टेस्ट केस ऑटोमेट करा (हाताने न चालवता यंत्राकडून चालवा), म्हणजे प्रश्न सुटेल. डेव्हलपरांचे म्हणणे असे की युनिट टेस्ट (कोडचा एकेक छोटा तुकडा तपासणारा कोड) लिहीत बसलो तर स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) कमी भरतील. टेस्टरांचे अप्रेजल अजूनही किती बग शोधले यावर होते. आमच्यासारख्या टीमने सुरुवात नेमकी कोठून करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे.

जुनाजाणता

आपण जे वर्णन केले आहे ते पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत अनेक ठिकाणी पाहायला मिळते, त्यामुळे आपली टीम फार जगावेगळे काही करत आहे असे समजू नये. जुन्या पद्धतीतली टप्प्यांची उतरंड (आधी आराखडा, मग कोड, शेवटी टेस्टिंग) जशीच्या तशी ठेवून ती फक्त दोन आठवड्यांत कोंबली, की हेच घडते. गंमत म्हणजे, ज्या सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधातील आकृती या उतरंडीचे मूळ मानली जाते, त्यांनी त्याच निबंधात ती साधी सरळ मांडणी धोक्याची आहे असे बजावले होते, आणि त्यामागचे त्यांचे मुख्य कारण हेच होते की टेस्टिंग अगदी शेवटी येते आणि तेव्हा सापडलेला दोष मागचे बरेचसे काम पुन्हा करायला लावतो. आपल्या लोकांनी आकृती उचलली आणि इशारा सोडून दिला.

माझे मत स्पष्ट आहे: ऑटोमेशन हा आपला पहिला प्रश्न नाही. सहा डेव्हलपर सोमवारी सहा वेगवेगळ्या स्टोऱ्या उघडतात आणि त्या सगळ्या एकाच सुमारास संपतात, हा पहिला प्रश्न आहे. एका वेळी तीनपेक्षा जास्त स्टोऱ्या उघड्या नसाव्यात, असा नियम बोर्डावरच लिहून ठेवा. दोन डेव्हलपर मिळून एक स्टोरी करतील, ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी टेस्टरच्या हाती येईल आणि तोवर पुढची सुरू झालेली नसेल. काही डेव्हलपर मोकळे बसलेले दिसतील आणि मॅनेजर अस्वस्थ होतील. त्या मोकळ्या वेळात युनिट टेस्ट लिहिता येतात, हे मॅनेजरांना त्याच वेळी सांगावे.

'डेव्ह डन' हे विशेषण मात्र ताबडतोब बंद करा. स्प्रिंटच्या या पद्धतीची अधिकृत पुस्तिका असलेल्या स्क्रम गाइडच्या २०२०च्या आवृत्तीत टेस्टर नावाची स्वतंत्र भूमिकाच नाही. स्प्रिंटमध्ये वापरण्याजोगे काम तयार करणाऱ्या सर्वांना तेथे डेव्हलपर म्हटले आहे. याचा अर्थ टेस्टर नकोत असा काही व्यवस्थापकांनी सोयीस्करपणे काढला. प्रत्यक्षात त्यातून निघते ते एवढेच की स्टोरी अर्धवट राहिली तर ती सगळ्यांची अर्धवट राहिली, 'टेस्टिंगमध्ये अडकली' असे म्हणून कोणालाही हात झटकता येत नाहीत.

शंकेखोर

वरील प्रतिसादातील बऱ्याच गोष्टी पटल्या, पण एक आक्षेप नोंदवतो. टेस्टरचे मूल्य त्याच्या तटस्थपणात असते. तो डेव्हलपरच्या शेजारी बसून पहिल्या दिवसापासून चर्चा करू लागला की डेव्हलपरची गृहीतके नकळत त्याचीही होतात, आणि मग जे डेव्हलपरला दिसले नाही ते त्यालाही दिसत नाही. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर शेकडो कामगारांच्या खात्यात चुकीची रक्कम जाते. अशा ठिकाणी शेवटी कोणीतरी कोऱ्या नजरेने पाहणारे असावे, असे मला वाटते.

दुसरे असे की कंपनीचे ग्राहक ऑडिट मागतात. कोणती अट कोणत्या टेस्ट केसने तपासली आणि ती कोणी मंजूर केली, याचा कागद लागतो. 'आम्ही बोलून ठरवले' हे उत्तर ऑडिटरपुढे चालत नाही.

आकडेमोड

शंकेखोर यांच्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर पगाराच्याच उदाहरणाने देतो, कारण मी बरीच वर्षे याच क्षेत्रात आहे आणि हे उदाहरण मला फार आवडते.

समजा बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) एक स्टोरी आहे: 'महाराष्ट्रातील कर्मचाऱ्याच्या पगारातून व्यवसाय कर कापला जावा.' वाचायला सोपी, अंदाजाला दोन पॉइंट. डेव्हलपर नियम पाहतो: महिना ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही, ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५ रुपये, त्यापुढे २०० रुपये. तो तीन अटी लिहितो. टेस्टर बुधवारी संध्याकाळी बसून तीन पगार टाकून पाहते, तिन्ही बरोबर येतात आणि स्टोरी पास होते. हे सगळे जूनमध्ये घडते.

फेब्रुवारीत मात्र १०,००० रुपयांच्या वरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा कर चुकतो, कारण त्या महिन्यात २००ऐवजी ३०० रुपये कापायचे असतात. अकरा महिने २०० आणि एक महिना ३००, असे वर्षाचे २,५०० होतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ने या कराला घातलेली वार्षिक मर्यादाही तेवढीच आहे. शिवाय महिला कर्मचाऱ्यांना एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत हा कर लागत नाही, म्हणजे वरच्या तीन अटी त्यांच्या बाबतीत मुळातच चुकीच्या आहेत.

आता यात तटस्थपणाचा काय उपयोग झाला असता? टेस्टर कितीही तटस्थ असली तरी बुधवारी संध्याकाळी तिच्या हातात तीन अटींची स्टोरी आणि दीड दिवस एवढेच होते. हीच स्टोरी कोड लिहिण्याआधी प्रॉडक्ट ओनर, एक डेव्हलपर आणि एक टेस्टर यांनी अर्धा तास समोर ठेवली असती तर चित्र वेगळे झाले असते. टेस्टरच्या स्वभावातच विचारणे असते: सगळे महिने सारखेच का? स्त्री-पुरुष दोघांनाही एकच नियम का? नेमके १०,००० असतील तर १७५ की २००? ओव्हरटाइममुळे एखाद्या महिन्यातच २५,००० ओलांडले तर? मागील महिन्यांची थकबाकी फेब्रुवारीत दिली तर? यांतल्या काहींची उत्तरे तिथेच मिळतात, काहींसाठी प्रॉडक्ट ओनरला कर सल्लागाराला फोन करावा लागतो, आणि काहींमुळे लक्षात येते की ही एक स्टोरी नसून तीन आहेत. दोन पॉइंटांचा अंदाजही तिथेच बदलतो, जे स्प्रिंटच्या शेवटी कळण्यापेक्षा केव्हाही बरे.

या बैठकीतून निघालेला तक्ता साधा असतो. पुरुष, जून, १०,००० : १७५. पुरुष, जून, १०,००१ : २००. पुरुष, फेब्रुवारी, १०,००१ : ३००. महिला, फेब्रुवारी, २५,००० : शून्य. महिला, फेब्रुवारी, २५,००१ : ३००. याच ओळी डेव्हलपर आपल्या युनिट टेस्टमध्ये घेतो. प्रत्येक ओळ तपासण्याचे काम यंत्राकडे गेल्यामुळे टेस्टरला बुधवारी जो वेळ मिळतो, तो तक्त्यात न आलेल्या गोष्टी शोधायला वापरता येतो. शंकेखोर म्हणतात ती कोरी नजर खरी लागते ती इथे, आणि ती तशी ठेवायची असेल तर बैठकीला एक टेस्टर आणि नंतरच्या तपासणीला दुसरी अशी विभागणी करता येते. चौकस यांच्याकडे दोन टेस्टर आहेत, तेवढे पुरे.

खराडीकर

मी स्वतः टेस्टर आहे, म्हणून दोन गोष्टी जरा परखडपणे लिहिते. मूळ धाग्यात 'दोन टेस्टरांनी सगळे तपासायचे' असे जे वाक्य आहे, त्यात टीमचा दृष्टिकोन पुरेसा दिसतो. उशीर डेव्हलपमेंटमध्ये होतो आणि बोर्डावर लाल खूण टेस्टिंगच्या रकान्यावर लागते. रेट्रोमध्ये 'टेस्टिंग वेळेत झाले नाही' अशी चिठ्ठी लागली की आमच्यासारख्यांना गप्प बसणे सोयीचे वाटते, विशेषतः मॅनेजर त्याच खोलीत असतील तर.

बग मोजून अप्रेजल करण्याची पद्धत तर अ‍ॅजाइल टेस्टिंगच्या, म्हणजे कामाबरोबरच चालणाऱ्या टेस्टिंगच्या, मुळावरच घाव घालते. आकडेमोड यांनी सांगितलेल्या बैठकीत मी फेब्रुवारीचा प्रश्न विचारला, तर एक बग जन्मालाच आला नाही आणि माझ्या खात्यात काही जमा झाले नाही. तोच प्रश्न मनात ठेवून मी बुधवारी बग म्हणून नोंदवला, तर माझा आकडा वाढला. कोणती टेस्टर काय करेल हे सांगायला नको. ही पद्धत बदलल्याशिवाय टेस्टरांना बैठकीला बोलावणे म्हणजे त्यांना स्वतःच्या नुकसानीसाठी बोलावणे आहे, आणि हे मॅनेजरच्याही वरच्या पातळीवर कोणीतरी बोलले पाहिजे.

आणखी एक मुद्दा 'मॅन्युअल' या शिक्क्याचा. 'सर्व टेस्ट केस ऑटोमेट करा' असा हुकूम आला की मॅन्युअल टेस्टरला पहिली भीती नोकरीची वाटते. ती भीती मनात असताना कोणीही आपले एक्सेल उत्साहाने दुसऱ्याच्या हवाली करत नाही. प्रत्यक्षात, अटी ठरवून घेऊन, वेळ बांधून, एका उद्देशाने सॉफ्टवेअर धुंडाळणे हे कौशल्याचे काम आहे. जेम्स आणि जोनाथन बाख या टेस्टिंगतज्ज्ञ भावांनी २०००च्या सुमारास त्याला सत्रांची शिस्त घालून दिली. प्रत्येक सत्राचा उद्देश एका ओळीत लिहायचा, तास-दीड तास अखंड काम करायचे, काय पाहिले आणि काय राहिले याची टिपणे ठेवायची आणि सत्र संपल्यावर सहकाऱ्याशी बोलायचे. आमच्या टीममध्ये हे सुरू झाल्यावर टेस्टिंग म्हणजे नुसती बटणे दाबणे नव्हे, हे डेव्हलपरांना दिसू लागले, कारण टिपणे तेही वाचू लागले.

रात्रपाळी

ऑटोमेशनविषयी लिहितो, कारण दिवाळीचा मुहूर्त वाचून धास्तावलो.

एक्सेलमधील शेकडो केस सेलेनियम या साधनाने ब्राउझरमधून आपोआप चालवायच्या ठरवल्या, तर काही आठवडे प्रगतीचा आलेख सुंदर दिसेल. नंतर स्क्रीनवर एखाद्या बटणाची जागा बदलली की पन्नास टेस्ट लाल होतील, पान उघडायला दोन सेकंद जास्त लागले की आणखी काही, आणि सकाळी त्यातल्या निम्म्या पुन्हा चालवल्या की आपोआप हिरव्या. ज्या टेस्ट कधी पास तर कधी नापास होतात त्यांच्यावर टीमचा विश्वास उडतो, आणि एकदा 'त्या लालच असतात, लक्ष देऊ नका' अशी सवय लागली की खरा बगही त्याच लाल रंगात खपून जातो. सॉफ्टवेअर पद्धतींवर लिहिणारे माइक कोन यांच्या ज्या टेस्ट पिरॅमिडचा वारंवार उल्लेख होतो, त्याचे सांगणे हेच की खाली पुष्कळ वेगवान युनिट टेस्ट असाव्यात, मध्ये सर्व्हिस पातळीवरच्या (स्क्रीनशिवाय, पण अनेक भाग एकत्र तपासणाऱ्या) बेताच्या, आणि ब्राउझरमधून चालणाऱ्या अगदी मोजक्या. बहुतेक टीमांचा पिरॅमिड उलटा असतो, कारण ऑटोमेशनचे काम टेस्टरांकडे सोपवले जाते आणि टेस्टरांना कोडमध्ये नव्हे, फक्त स्क्रीनमध्ये प्रवेश असतो.

व्यवसाय कराच्या तक्त्याला ब्राउझर लागतच नाही. जावा भाषेतील युनिट टेस्टचे साधन असलेल्या जेयुनिट ५ मध्ये एकच टेस्ट अनेक ओळींच्या माहितीवर चालवण्याची सोय आहे; आकडेमोड यांचा संपूर्ण तक्ता त्यात बसतो आणि सेकंदाच्या आत निकाल मिळतो.

आता खरी मेख. फेब्रुवारीची ओळ जूनमध्ये चालवायची कशी? चौकस, आपल्या कोडमध्ये हिशेबाची तारीख कोठून येते ते जरूर पाहा. माझा अंदाज असा की ती जागोजागी सर्व्हरच्या घड्याळावरून थेट घेतलेली असेल. तसे असेल तर युनिट टेस्ट लिहिणे अवघड जाते, म्हणून डेव्हलपर ती टाळतात. मग टेस्टरला फेब्रुवारी तपासायचा झाला की ती क्यूए (टेस्टिंगच्या) सर्व्हरची तारीखच बदलते आणि त्या दिवशी बाकी सर्वांची कामे विचित्र वागू लागतात. जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४पासून, घड्याळ बाहेरून देण्याची सोय भाषेतच आली आहे. हिशेबाच्या कोडला 'आज' कोणता दिवस आहे हे बाहेरून सांगितले जाईल, एवढा एक बदल करा. दिसायला तो किरकोळ आहे. पण 'युनिट टेस्टला वेळ नाही' या तक्रारीपैकी मोठा हिस्सा प्रत्यक्षात 'आमचा कोड टेस्ट करता येईल असा लिहिलेला नाही' अशी असते, आणि ती तक्रार टेस्टर सोडवू शकत नाहीत.

जमल्यास प्रत्येक टेस्टरला स्वतःचे वेगळे एन्व्हायर्नमेंट (सर्व्हर आणि डेटाबेस) द्या. दोघी एकाच डेटाबेसवर काम करत असतील तर एकीने चालवलेल्या पगारामुळे दुसरीचे आकडे बदलतात आणि दोघींचा दिवस खोट्या बगांमागे जातो.

चौकस

सर्वांचे आभार. मधल्या काळात काही गोष्टी करून पाहिल्या, म्हणून धागा वर काढत आहे.

रात्रपाळी यांचा अंदाज अचूक निघाला. तारीख कोडमध्ये अनेक ठिकाणी थेट घेतलेली होती आणि टेस्टर खरोखरच सर्व्हरची तारीख बदलत होत्या. डेव्हलपरांना याचा पत्ताही नव्हता. ते बदलण्यासाठी आम्ही स्वतंत्र तांत्रिक स्टोरी घेतली आणि व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधी व विमा वर्गणी या तीन हिशेबांपुरते घड्याळ बाहेरून देऊ लागलो. उरलेला कोड जेव्हा हात लागेल तेव्हा बदलायचा, असे ठरले आहे.

एका वेळी तीनच स्टोऱ्या हा नियम पहिल्या स्प्रिंटमध्ये पाळला गेला नाही, दुसऱ्यात नाइलाजाने पाळला गेला. पूर्ण झालेल्या स्टोऱ्यांची संख्या सुरुवातीला घटली आणि त्यावरून वरच्या मजल्यावर बराच ऊहापोह झाला. मात्र पहिली स्टोरी टेस्टरकडे पहिल्याच आठवड्याच्या शेवटी पोहोचली, हे सर्वांना दिसले. अर्ध्या तासाची बैठक सर्वांत लवकर रुळली, कारण तिचा फायदा डेव्हलपरांनाच झाला. अर्धवट समजलेली स्टोरी पुन्हा लिहिण्याचा त्रास वाचला.

अप्रेजलचा प्रश्न सुटलेला नाही. बगांची संख्या या वर्षीच्या तक्त्यात राहणार असे मनुष्यबळ विभागाने सांगितले आहे; आमच्या मॅनेजरांनी टेस्टरांच्या नोंदीत बैठकीत उपस्थित केलेले प्रश्न लिहून ठेवण्याचे मान्य केले, एवढाच तूर्त दिलासा. दिवाळीची मुदतही अजून मागे घेतलेली नाही, पण 'सर्व' या शब्दाच्या जागी 'पगाराच्या हिशेबाशी संबंधित' असे लिहून घेतले आहे.

हार्डनिंग स्प्रिंट चालू आहे. तो बंद कसा करावा हे कळत नाही, कारण एक्सेलमधल्या केस वगळण्याचे धाडस कोणी करत नाही.

शंकेखोर

ऑडिटच्या कागदाचे काय केले, हे वाचायला आवडेल.

चौकस

उदाहरणांचा तक्ता स्टोरीच्या क्रमांकासह कोडच्या भांडारातच ठेवतो, आणि प्रत्येक बिल्डबरोबर (कोडपासून सॉफ्टवेअर तयार होताना) कोणती ओळ पास झाली याचा अहवाल निघतो. अंतर्गत ऑडिट करणाऱ्यांनी तो पाहून एवढेच सांगितले की प्रॉडक्ट ओनरची मंजुरी तारखेसह दिसली पाहिजे. ती आता स्टोरीतच नोंदवली जाते. वेगळे दस्तऐवज लिहिण्याचे टेस्टरांचे काम त्यामुळे बरेच कमी झाले.

खराडीकर

एक्सेलविषयी. सगळे एकदम वगळू नका. एखाद्या केसमधील अट युनिट किंवा सर्व्हिस पातळीवरच्या टेस्टमध्ये आली की त्या ओळीपुढे त्या टेस्टचे नाव लिहा आणि हार्डनिंगमध्ये ती ओळ हाताने चालवणे थांबवा. ज्या ओळी कोणालाच समजत नाहीत, किंवा बंद झालेल्या सुविधांच्या आहेत, त्या प्रॉडक्ट ओनरला विचारून काढून टाका. अशा ओळी अपेक्षेपेक्षा पुष्कळ निघतात. जे उरेल त्यातले धोक्याचे कोणते, हे दोन्ही टेस्टरांनी सांगावे, कारण ते त्यांनाच ठाऊक असते.

आकडेमोड

चौकस, विमा वर्गणीचा उल्लेख केलात म्हणून एक ओळ तुमच्या तक्त्यासाठी देतो. कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) पगारमर्यादा २१,००० रुपये आहे, पण कर्मचाऱ्याने ती अधेमधे ओलांडली तरी चालू वर्गणी-काळ संपेपर्यंत कपात चालूच राहते. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. म्हणजे २०,५०० रुपये पगाराच्या कामगाराला जुलैत वाढ मिळून २२,००० झाले, तर जूनमध्ये ०.७५ टक्के दराने १५३.७५ येतात आणि वरच्या रुपयात पूर्ण करून १५४ कापले जातात, जुलै ते सप्टेंबर दरमहा १६५ कापले जातात, आणि ऑक्टोबरपासून कपात थांबते. फक्त '२१,०००पेक्षा जास्त असेल तर शून्य' अशी अट लिहिलेली असेल तर जुलैतच कपात थांबेल आणि स्क्रीनवर ते अगदी बरोबर वाटेल. ही ओळ एका महिन्याच्या पगारावर तपासता येत नाही, सलग पाच महिने चालवावे लागतात. घड्याळ बाहेरून देण्याची सोय केलीच आहे, तर पहिल्यांदा हीच चालवून पाहा.